माझी म्हणा, सर

"उपासनी, आज काही झालं तरी हे संपवायचं," कुलगुरू जगताप खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. "एकाच पदासाठी तिसऱ्यांदा कमिटी बसवतोय मी. चौथ्यांदा चहा पाजायची आता ताकद नाही."

"माझीही नाही, सर."

"तुम्ही कशाला पाजताय! आज निवड झाली की तुमच्या अर्जावर आजच सही. सोमवारपासून मोकळे. जा इंदूरला, वाजवा पेटी."

मी फाइल उघडली आणि नुसता हसलो. हसण्यापलीकडे काही करण्याचं त्राण त्या दिवसांत माझ्यात उरलं नव्हतं.

मी विद्यापीठात उपकुलसचिव होतो, म्हणजे परीक्षांच्या कामानंच आधी वाकलेला. त्यात 'संचालक, निधी संकलन व माजी विद्यार्थी संपर्क' हे पद रिकामं झालं आणि चार दिवसांसाठी म्हणून त्याचा प्रभार माझ्या गळ्यात आला. प्रभारी म्हणजे खुर्ची दुसऱ्याची आणि काम आपलं. चार दिवसांची वर्षं झाली. रोज संध्याकाळी कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, दुकानात, नाहीतर लग्नाच्या मांडवात उभा राहून मी विद्यापीठासाठी पदर पसरत होतो. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला, तर उत्तर आलं की प्रभार सोपवल्याशिवाय कार्यमुक्त करता येणार नाही. सोपवायचा कुणाला? एकदा निवड झाली ती कोर्टात अडकली. एकदा कुणी लायकच सापडलं नाही.

आणि इकडे इंदूचा आवाज उतरत चालला होता.

इंदू माझी बायको. इंदिराबाई उपासनी म्हटलं की आमच्या खानदेशात जुन्या लोकांना नऊवारीतली, कमरेला पदर खोचून, एका पायावर किंचित झुकून निरूपण करणारी कीर्तनकार आठवते. लग्न झालं तेव्हापासून तिच्यामागे पेटीवर मी. या प्रभारानं ते सुटलं. तिला जे मिळतील ते पेटीवाले घेऊन उभं राहावं लागे. काळी चारच्या पट्टीत गाणारी बाई आता पट्टी उतरवून पांढरी पाचवर आली होती, आणि वर गेली की आवाजाला चरा जायचा. ती स्वतःच म्हणायची, "एक चातुर्मास निघेल हो यातून. फार तर दोन. मग देव सांगेल तसं." त्या वर्षी इंदूरच्या एका राममंदिरानं तिला चातुर्मासासाठी बोलावलं होतं. रोज एक कीर्तन, कार्तिकीपर्यंत. तिनं कळवलं होतं, पेटीवाला माझा मी आणते. आषाढी तोंडावर आली होती. घरी दोन बॅगा भरायला काढल्या होत्या, एक तिची, एक माझी.

असा मी त्या टेबलाशी बसलो होतो. सदस्य-सचिव. कागद पुढं करायचे, सांगतील ते लिहून घ्यायचं. मत नाही.

कमिटीत आणखी दोघं होते. मराठीचे विभागप्रमुख डॉक्टर निफाडकर. विद्यापीठातून बाहेर जाणारं प्रत्येक वाक्य त्यांच्या भाषाशुद्धी समितीकडून जायचं, आणि खिशात लाल पेन असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. दुसरे छाजेड, तेलाचे घाणे असलेले, आमचेच जुने विद्यार्थी. मॅट्रिकच्या पुढचं फारसं जमलं नाही असं स्वतःच सांगायचे, पण माणूस पारखण्यात पक्के.

पहिले उमेदवार पुण्याचे विक्रांत सरदेसाई. कोट, लॅपटॉप, भिंतीवर चित्रं. माणूस वाईट नव्हता. तयारी करून आला होता, आकडे तोंडपाठ होते. छाजेडांनी मध्येच विचारलं, "भाऊ, हे 'डोनर जर्नी' म्हणजे काय? देणगीदाराला कुठं नेता तुम्ही?" सरदेसाई मोकळेपणानं हसले आणि समजावून सांगितलं. जगतापांनी माझ्याकडे बघून मान हलवली. होईल काम, असा तिचा अर्थ.

दुसऱ्या नजमा तडवी. सातपुड्याच्या पायथ्याच्या, यावलकडच्या. आमच्याच विद्यापीठात शिकलेल्या, आणि मग एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यासाठी गावोगाव फिरून निधी जमवणाऱ्या. चाळिशी गाठत आलेल्या, साधी सुती साडी, एसटीच्या धुळीनं केस भुरकट झालेले. आल्या आणि खुर्ची ओढण्याचा आवाज होऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी उचलून बसल्या.

छाजेड सरसावले. "बाई, समजा मी तुमच्यासमोर बसलोय. तुम्ही मागितलंत. मी नाही म्हणालो. आता?"

"मग मी तुमचा चहा पिऊन उठेन."

"आणि?"

"आणि दुसऱ्या दिवशी परत तुमच्या दुकानावरून जाईन. नमस्कार करीन. मुलाची परीक्षा कशी झाली विचारीन."

"परत मागायला?"

"नाही. नुसतं जाईन. साहेब, नाही म्हणणारा माणूस आपल्याहून जास्त अवघडलेला असतो. त्यानंतर आपण तोंड चुकवलं की तो कायमचा गेला. आपणच त्याचं अवघडलेपण काढायचं."

छाजेड खुर्चीत मागे रेलले. "जगतापसाहेब, हे पटलं बघा मला. माझ्याकडून नकार घेऊन गेलेली माणसं बाजारात मला बघून गल्ली बदलतात. तुमचे उपासनी सोडले तर."

"मी थकलेलो असतो, गल्ली बदलायलाही," मी म्हणालो. सगळे हसले. नजमाबाईही हसल्या, पण डोळ्यांनी. मला वाटलं, झालं. हिच्या हाती प्रभार द्यावा आणि त्याच पावली घरी जाऊन पेटीचा भाता तपासावा.

तेवढ्यात निफाडकरांनी खिशातून पेन काढलं. उमेदवारांनी आपला आराखडा लिहून आणायचा होता. नजमाबाईंच्या आराखड्याच्या पहिल्याच पानावर त्यांनी एक गोल काढला आणि पान उचलून त्यांच्यासमोर धरलं.

"मॅडम, हे वाचा."

"संचालक, निधी संकलन व..." नजमाबाई थांबल्या.

"वाचा ना. 'माझी' विद्यार्थी संपर्क. झ! झबल्यातला झ!" निफाडकरांनी टेबलावर पेन आपटलं. "माजी म्हणजे पूर्वीचा. माझी म्हणजे माझी. आणि माझी म्हणायचं तरी 'माझी विद्यार्थी' कसं होईल? लिंग नाही, वचन नाही! ज्या पदावर बसायचंय त्याचं नावसुद्धा तुम्हाला धड लिहिता येऊ नये?"

नजमाबाईंनी पानाकडे बघितलं. मग त्यांची नजर टेबलावरून फिरली आणि माझ्यासमोरच्या उघड्या फाइलवर क्षणभर थांबली. त्या काहीतरी बोलणार होत्या, ओठ उघडलेले मला दिसले. मग त्यांनी ते मिटले.

"चूक आहे, सर," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंच आहे. कुणाची?"

त्या म्हणाल्या, "माझी म्हणा, सर."

छाजेडांना खो-खो हसू आलं. निफाडकरांना मात्र तो विनोद वाटला नाही. "घरी मराठी बोलत नसाल तुम्ही, समजू शकतो मी. बोलीचा परिणाम होतो."

"घरी मराठीच बोलतो, सर," नजमाबाई शांतपणे म्हणाल्या. मग सगळ्यांना नमस्कार करून, खुर्ची तशीच उचलून जागेवर ठेवून त्या बाहेर गेल्या.

दार लागल्यावर छाजेड म्हणाले, "मला तरी हीच चालेल. एका अक्षराचं काय एवढं?"

"एका अक्षराचं?" निफाडकर ताठ झाले. "उद्या या बाईंच्या सहीनं हजारो निमंत्रणं जातील. विद्यापीठाचं हसं होईल. मी भिन्नमत नोंदवीन, स्पष्ट सांगतो."

भिन्नमत म्हणजे वर तक्रार, वर तक्रार म्हणजे पुन्हा खोळंबा. जगतापांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. त्या दिवशी त्या खोलीत दमलेला मी एकटा नव्हतो.

"मग सरदेसाई," ते म्हणाले. "तेही चांगलेच आहेत. एकमत करा आणि सुटा. छाजेडशेठ?"

"तुम्ही म्हणाल तसं," छाजेड म्हणाले. पण मान वळवून खिडकीकडे बघत म्हणाले.

"उपासनी, लिहा. सरदेसाई यांची निवड. तडवी यांच्यापुढे शेरा..." त्यांनी निफाडकरांकडे बघितलं.

"उमेदवाराचे मराठी भाषेचे ज्ञान अपुरे," निफाडकरांनी सांगितलं.

मी पेन उचललं. 'उमेदवाराचे' एवढं लिहिलं, आणि तिचं आडनाव नीट उतरवावं म्हणून फाइलकडे बघितलं. फाइलमध्ये सगळ्यात वर आमच्या जाहिरातीचं कात्रण टाचलेलं होतं. रोज बघत होतो मी ते. बघत होतो म्हणजे काय, त्याच्यावरून डोळे जात होते. दमलेला माणूस ओळखीचं अक्षर वाचत नाही, त्याला ते आधीच माहीत असतं.

ठळक ठशात छापलं होतं: संचालक, निधी संकलन व माझी विद्यार्थी संपर्क. खाली बारीक अक्षरात सूचना: पदाचे नाव जाहिरातीत दिल्याप्रमाणेच लिहावे, बदल केल्यास अर्ज बाद ठरेल. बाकीच्यांनी ते मनानं दुरुस्त करून लिहिलं होतं, आणि आम्हीही त्यांचे अर्ज बाद न करता घेतले होते. या एका बाईनं सूचना पाळली होती.

तिला ते माहीत होतं. फाइलकडे बघून ती गप्प बसली होती. आणि ती जाहिरात छपाईला गेली होती भाषाशुद्धी समितीची मोहोर लागून.

बोलायचं नाही, याची मला जन्माची सवय. कीर्तनात पेटीवाला बोलत नसतो. कीर्तनकार एखादं नाव चुकला, एखादा प्रसंग इकडचा तिकडे झाला, तरी मागच्यानं तोंड उघडायचं नाही. सभा त्याची आहे. आपण भाता हलवायचा. दोन ओळी लिहायच्या होत्या, बस. सही, सोमवार, इंदूर. जिथं चरा जाईल तिथं इंदूचा आवाज पेटीनं झाकून न्यायचा, तो मला जसा नेता येतो तसा कुणाला येत नाही. हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते वाक्य काही पुढं सरकेना. 'उमेदवाराचे', आणि पुढं कोरी जागा.

पेटीवाल्याला एक गोष्ट मात्र करायची मुभा असते. कीर्तनकार सुरातून घसरला, तर तो षड्जाची पट्टी दाबून धरतो. काही म्हणत नाही. नुसती दाबून धरतो, कानात जाईपर्यंत.

मी कात्रण टाचणीतून सोडवलं, जगतापांच्या पुढ्यात सरकवलं आणि त्या शब्दावर बोट दाबून धरलं.

जगतापांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती. त्यांनी ते कात्रण पालथं घातलं, माझ्याकडे परत सरकवलं आणि चष्मा काढला.

"चष्म्याला घाम आलाय," ते म्हणाले. रुमाल काढून काचा पुसायला लागले. "मला आत्ता काही दिसत नाही, उपासनी. पुसून होईपर्यंत तुम्हाला टेबल आवरायचं असेल तर आवरा."

निफाडकर विचारत होते, "काय आहे? काय आहे ते?" छाजेड काही विचारत नव्हते, त्यांना अंदाज आला असावा. जगताप काचा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी आंधळा होऊन बसला होता. त्याचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

मी कात्रण उलटून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा घातला. "निफाडकर सर," ते म्हणाले, "जाहिरातीचं प्रूफ कुणी तपासलं होतं?"

पुढचं सगळं लवकर झालं. निफाडकरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते एवढंच म्हणाले, "घाईत होतो मी." छाजेड उसळून म्हणाले, "मग बाईंनाच घ्या की! त्यांची चूकच नाही."

"आता कुणालाच घेता येत नाही, शेठ," जगताप म्हणाले. "जाहिरातच सदोष. ज्याला डावलू तो कोर्टात जाईल, आणि जिंकेल. सगळं रद्द. पुन्हा परवानगी, पुन्हा जाहिरात. वर्ष गेलं समजा." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "दोन ओळी होत्या हो फक्त."

"हो, सर."

"प्रभार तुमच्याकडेच राहील."

"हो, सर."

घरी पोचलो तेव्हा इंदू जमिनीवर बसून माझ्या बॅगेत धोतरं रचत होती. मला बघून म्हणाली, "झालं ना? कोण आलं?"

"कुणी नाही."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली, हात घडीवर तसाच. संपल्यावर तिनं एक एक धोतर बाहेर काढून खाटेवर ठेवायला सुरुवात केली.

"इतकी वर्षं माझ्यामागे बसून पेटी वाजवलीत," ती म्हणाली. "वनवासाला भरताला पाठवलं एकदा मी. तुम्ही गप्प. गजेंद्राचा पाय मगरीऐवजी सुसरीनं धरला. तुम्ही गप्प. आणि आज दोन ओळी लिहीपर्यंत गप्प बसता आलं नाही?"

मी खाली पडलेली एक घडी उचलून खाटेवर ठेवली.

"आता बोला की! आत्ता का गप्प?"

"नाही लिहवलं मला ते, इंदू."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे येत होते. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. राग यावा इतकीही शक्ती नव्हती, ना तिच्यावर, ना स्वतःवर. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली, हातात पळी.

"ती जेवली का?"

"कोण?"

"ती बाई. यावलहून आलेली. सकाळपासून ताटकळत ठेवली असेल तुम्ही. जेवली का?"

"विचारलं नाही कुणी."

"धन्य आहे तुमची! एवढा पराक्रम करून आलात आणि जेवायचं विचारलं नाहीत? यावलची गाडी संध्याकाळी असते. जा स्टँडवर. आणा तिला."

नजमाबाई स्टँडवर बाकड्याच्या टोकाला बसल्या होत्या. आधी नको म्हणाल्या, मग इंदूचं नाव ऐकून उठल्या. लहानपणी त्यांच्या गावच्या जत्रेत त्यांनी तिचं कीर्तन ऐकलं होतं, झाडावर बसून. इंदूनं वरणबट्टी केली होती. बट्ट्यांवर तूप ओतताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पण तूप माझ्याही बट्टीवर पडत होतं.

"का गं गप्प बसलीस?" तिनं सरळ विचारलं. "तुला दिसत होती ना जाहिरात?"

नजमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "ताई, ज्यांच्या दारात मागायला गेलो, त्यांचीच चूक त्यांच्यासमोर काढली की मागणं संपलं. वर्षानुवर्षं हेच केलं. जिभेला वळणच पडलंय तसं."

"वळण चांगलं आहे," इंदू म्हणाली. "पण सगळीकडे चालवू नकोस. कुणीतरी दुसरा बोलतो मग, आणि त्याला महागात पडतं."

नजमाबाईंची नजर कोपऱ्यातल्या दोन बॅगांवर गेली. एक भरून कुलूप लावलेली, एक उघडी, रिकामी. "कुणी गावाला निघालंय का?"

"मी निघालेय," इंदू म्हणाली. "ह्यांना विद्यापीठ सोडत नाही. फार लाडके आहेत. वाढू का अजून?"

नजमाबाईंनी ताटावर हात आडवा धरला. त्यांना काय समजलं, किती समजलं, मी कधी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात, नव्या जाहिरातीनंतर त्या संचालक म्हणून रुजू झाल्या तेव्हाही नाही. निफाडकरांनीच त्यांच्या बाजूनं सगळ्यात जास्त आग्रह धरला होता, हेही सांगायला हवं. प्रभार सोपवताना मी त्यांच्या हातात किल्ल्या दिल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि बराच वेळ माझे हात सोडले नाहीत.

इंदू इंदूरला गेली ती एकटी. तिथला पेटीवाला तरुण होता, तयारीचा होता, पण तिला झाकून न्यावं हे त्याला कोण सांगणार? ती रोज वर गेली आणि रोज उघड्यावर पडली. चातुर्मास तिनं पुरा केला. कार्तिकात परत आली तेव्हा स्टँडवर उतरून मला हाक मारायला तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. मी मोकळा झालो तोवर डॉक्टरांनी तिला पुन्हा गायचं नाही असं बजावून सांगितलं होतं.

तिनं एकदाही तो विषय काढला नाही. मीही नाही.

आता संध्याकाळी ओटीवर ती बसते आणि खालच्या, खरखरीत आवाजात आख्यान सांगते. आळीतली चार म्हातारी माणसं येतात, कधी नजमाबाई येतात, ऐकू यावं म्हणून सगळे अगदी जवळ सरकून बसतात. गोष्टीत जिथं पद यायचं तिथं ती थांबते आणि माझ्याकडे बघते. ते पद मी पेटीवर वाजवतो, शब्दांशिवाय. लोकांना शब्द माहीत असतात. कधी कधी मला ती ओळ सोडवत नाही. मी ती घोळवत राहतो, पुन्हा वर जातो, जिथं तिचा आवाज जायचा तिथं.

मग ती हात वर करते.

"पुरे हो," म्हणते. "द्रौपदी खोळंबलीय तिकडे."